पुन्हा इन्स्टॉल करणे म्हणजे निदान नव्हे

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ही बातमी केवळ तंत्रज्ञानाच्या पानावर वाचून सोडून देण्याजोगी नाही; तिचा संबंध देशातील प्रयोगशाळांशी आहे.

लखनौचेच उदाहरण घ्यावे. बीरबल साहनी यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेली पुराविज्ञान संस्था, १९५१ पासूनची केंद्रीय औषध संशोधन संस्था, शिवाय वनस्पती आणि विषविज्ञान या विषयांच्या राष्ट्रीय संस्था या एकाच शहरात आहेत. अशा ठिकाणी पीएच.डी. करणाऱ्याचे मोजमाप उपकरणाइतकेच त्याच्या शेजारच्या संगणकावर अवलंबून असते. उपकरण पंधरा-वीस वर्षे टिकते. विंडोज ७ मात्र ऑक्टोबर २००९ मध्ये आले आणि जानेवारी २०२० मध्ये निराधार झाले. उपकरणाचे सॉफ्टवेअर त्याच आवृत्तीसाठी लिहिलेले असेल तर संगणक बदलताही येत नाही.

मग एके दिवशी सॉफ्टवेअर मध्येच बंद पडू लागते, ब्राउझरही कोसळतो. कुणीतरी सल्ला देतो, ‘काढून पुन्हा टाक.’ ब्राउझर काढला जातो आणि नवा बसतच नाही. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती. फेब्रुवारी २०२३ मधल्या ११० पासून किमान विंडोज १० लागते. म्हणजे जे कसेबसे चालत होते, तेही उपायाच्या नावाखाली गेले. नव्या संगणकावर वेगळीच फसगत होते. क्रोम काढताना वापरकर्त्याची माहिती पुसण्याचा पर्याय निवडला नाही, तर जुने प्रोफाइल डिस्कवरच राहते. दोष त्यातच असेल, तर नवा ब्राउझर तोच दोष उचलतो.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगात एका वेळी एकच चल बदलतो. संगणकासमोर बसताच ही शिस्त कुठे जाते, कोण जाणे! एकमेकांशी संबंध नसलेले दोन प्रोग्रॅम एकाच सुमारास कोसळत असतील, तर संशय आधी त्यांच्या सामाईक आधारावर जायला हवा: मेमरी, डिस्क, ग्राफिक्स ड्रायव्हर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कोसळण्याची वेळ आणि दोषी मॉड्यूलचे नाव बहुधा नोंदलेले असते. नवे प्रोफाइल उघडून पाहणे, मेमरीची चाचणी घेणे, या गोष्टींना तासभर पुरतो आणि पुरावाही नष्ट होत नाही.

१९ जुलै २०२४ आठवावा. क्राउडस्ट्राइकच्या एका फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतात काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कारण निघाले ते असे: साच्यात २१ मूल्ये अपेक्षित होती, प्रोग्रॅम २०च पुरवत होता. एकविसावे वाचताना तो मेमरीच्या हद्दीबाहेर गेला. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढण्याचा. विंडोज नव्याने टाकण्याची गरज नव्हती.

दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे. कोट्यवधींचे उपकरण घेताना त्याचे सॉफ्टवेअर किती वर्षे अद्ययावत राहील, हे निविदेतच लिहून घ्यायला हवे. चालू स्थितीतील संपूर्ण डिस्कची प्रत पहिल्याच दिवशी काढून ठेवावी. तिला लागणारी बाह्य डिस्क काही हजारांत येते. आणि जुना संगणक इंटरनेटपासून तोडावा. त्यावर ब्राउझर हवाच कशाला?