प्लॅन वाढवण्यापूर्वी रांग पाहा

मुलाची नोकरीसाठी व्हिडिओवर मुलाखत चालू असते आणि नेमक्या उत्तराच्या वेळी आवाज तुटतो, चित्र थिजते. मग घरात आरडाओरड होते, ‘नेट कोण वापरतंय?’ ठपका बसतो सिनेमा पाहणाऱ्या धाकटीवर. खरा चोर मात्र आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला फोन असू शकतो. तो लग्नाचे शेकडो फोटो गुपचूप अपलोड करत असतो.

अशा वेळी पुष्कळ कुटुंबे जास्त पैसे भरून मोठा प्लॅन घेतात. पण अनेकदा दुखणे वेगाचे नसून रांगेचे असते. रेशनच्या दुकानात पुढचा माणूस दहा पोती घेत असेल, तर पाव किलो साखरेसाठी आलेल्याला तिष्ठावेच लागते. तसेच फोटोंच्या ढिगामागे संभाषणाचे इवलेसे तुकडे अडकतात. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. तिच्या ‘एफक्यू-कोडेल’ या सुधारित रूपात प्रत्येकाची रांग वेगळी होते आणि छोट्या कामाला खोळंबावे लागत नाही.

आपल्या घरी हे दुखणे आहे का, ते असे पाहा. संगणक वायरने राऊटरला जोडा. घरात कोणी नेट वापरत नसताना ‘पिंग’ची वेळ मोजा. मग मोठी फाइल अपलोड करत पुन्हा मोजा. २० मिलिसेकंदांचा आकडा ३००-४०० वर गेला, तर दोष रांगेचा. आकडा फारसा हलला नाही, पण वायर काढताच अडचण येते, तर दोष वायफायचा. राऊटर कपाटातून काढून मोकळ्या जागी ठेवा.

दोष रांगेचा असेल, तर राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘क्यूओएस’ शोधा. तिथे अपलोड व डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के ठेवा. वेग थोडा कमी होईल, पण रांग आपल्याच राऊटरमध्ये लागेल आणि तिथे आपला नियम चालेल. नंतर पुन्हा पिंग मोजायला विसरू नका.

ही सोय आपल्या राऊटरमध्ये नसेल, तर एक बिनखर्ची उपाय आहे. फोटोंचा बॅकअप रात्री, सगळे झोपल्यावर होऊ द्या. मुलाखत असो वा डॉक्टरांशी सल्लामसलत, महत्त्वाचे बोलणे अडणार नाही आणि धाकटीवरचा आळही टळेल.