शेतातला स्फुरद धरणात किती जातो?

अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. या धरणाच्या पाणलोटात शेते आहेत, तसे जंगलही आहे. पावसाळ्यात दोन्हींकडून गढूळ पाणी येते व त्याबरोबर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, येतो. साठलेल्या पाण्यात शेवाळ माजायला लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम स्फुरदही पुरतो. डी.ए.पी.च्या ५० किलोच्या पोत्यात तो सुमारे १० किलो असतो. हिशेब करून पाहा. तेहेतीस कोटी लिटर पाण्याला तेवढा पुरे!

मग किती येणार हे आधी सांगता येईल का? साधी रीत अशी की, विशमायर आणि स्मिथ यांनी १९६५ साली अमेरिकेत मांडलेल्या सूत्राने किती माती वाहील ते काढायचे आणि मातीतल्या स्फुरदाने गुणायचे. माझ्या मते वऱ्हाडात ही रीत जशीच्या तशी वापरू नये.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. मृगाचा पहिला पाऊस बराचसा भेगांतच जिरतो. पुढे चिकणमाती फुगते, भेगा मिटतात, आणि श्रावणात तेवढ्याच पावसाने नाल्याला पूर येतो. शिवाय स्फुरद चिकटतो तो मातीच्या बारीक कणांना. वाहत्या पाण्याबरोबर हेच कण दूरवर जातात. म्हणून वाहून आलेला गाळ मूळ मातीपेक्षा स्फुरदाने श्रीमंत असतो. मातीपरीक्षणाचे आकडे घ्यावेत, तर ऑल्सेन यांची १९५४ सालची पद्धत आपल्या चुनखडीच्या जमिनीला योग्य खरी, पण पिकाला किती मिळेल तेवढेच ती सांगते. नाल्याचा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नाही.

जंगलातून काही वाहत नाही, हे उत्तरही अर्धेच. सागाच्या पाल्याचे पांघरूण आहे तोवर ठीक. वणवा लागला की पाल्यातला स्फुरद राखेत उघडा पडतो आणि जोराच्या सरीबरोबर उताराला लागतो. मेळघाटातही हेच.

सूत्रे टाकून द्या असे मी म्हणत नाही. त्यांना इथल्या नाल्यांचे आकडे हवेत. वर्षातला बराचसा स्फुरद मोजक्या मोठ्या पावसांत निघून जातो. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला नमुना घेणाऱ्याला तो कसा सापडावा? गावातली शाळा मात्र त्या वेळी तिथेच असते. शिक्षकांना बरोबर घ्या, काठावरूनच शेतनाल्याची एक आणि रानओढ्याची एक बाटली भरा, गाळ बसू द्या व त्याची जाडी मोजा. बाटलीवर तारीख, पावसाचे मिलिमीटर आणि शेतातल्या भेगा मिटल्या होत्या की नाही, तेही लिहा.