बोट, बायको आणि ‘ऊर्फ’

सोलापूरला समुद्र नाही. पाणी म्हणून आमच्याकडे सिद्धेश्वराचा तलाव आहे, हिप्परग्याचा तलाव आहे आणि नळाची वाट पाहणं आहे. बोट म्हणावी तर तळ्यातली, पायांनी पायडल मारायची. त्यामुळे आमच्या लग्नाला २०२४ साली चाळीस वर्षं होतात, त्यानिमित्त सिंगापूरहून बोटीने पेनांगला जाऊन यायचं, असं कन्येने फोनवर जाहीर केलं, तेव्हा मी आधी खुर्चीत नीट बसून घेतलं. ही बातमी नवी पेठेत माझ्याआधी पोहोचली. चहाच्या टपरीवर बालमित्राने पाठीवर थाप मारून विचारलं, “काय बे, बोटीत जाऊलालास म्हणं! पोहता येतंय का?”

पोहता येण्याची गरज पडली नाही. बुडायची वेळ आली ती बोटीत नव्हे, कागदांत.

प्रवासाची व्यवस्था पाहणारा तरुण गोड बोलायचा. “काका, तुम्ही फक्त पासपोर्ट द्या. बाकी सगळं आमच्याकडे लागलं.” आता ‘फक्त’ हा शब्द मी आयुष्यभर चेकवर लिहीत आलो आहे. रक्कम जितकी मोठी तितका तो शब्द शेवटी ठळक लिहायचा असतो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आम्ही प्रवासी चौघं. मी, सौ., कन्या आणि सात वर्षांचा नातू. जावईबापूंना रजा नव्हती. यादी ऐका. पासपोर्ट प्रत्येकाचा वेगळा. आजीच्या मांडीवर बसलेल्या तान्ह्यालासुद्धा स्वतःचा लागतो. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक हवी. लहान मुलाचा पासपोर्ट मिळतो पाच वर्षांचा, मोठ्यांसारखा दहाचा नव्हे. नातवाचा होता चार महिने शिल्लक. म्हणजे पासपोर्ट जिवंत होता; पण सहा महिन्यांच्या आत जाणार होता, आणि अशा दुखणाइताला कोणी बोटीवर घेत नाही. तेव्हा नवा काढा. सिंगापूरचा व्हिसा पाहिजेच, आणि तो एकदाच आत सोडणारा नको, अनेकदा सोडणारा हवा. कारण बोट पेनांगला जाऊन परत सिंगापूरलाच येते आणि ते परत येणं म्हणजे नव्याने येणं! तीन रात्री बोटीवर काढून मनुष्य तोच, सामान तेच, पण सरकारच्या लेखी पुन्हा पाहुणा. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा माफ केला, एवढीच काय ती मेहेरबानी. शिवाय फोटो पस्तीस मिलिमीटर बाय पंचेचाळीस मिलिमीटर, मागे पांढरंशुभ्र. आणि वडील बरोबर नसल्यामुळे मुलाच्या प्रवासाला त्यांची हरकत नाही, असं नोटरीसमोर केलेलं पत्र.

छापील जाहिरातीत यातलं काहीच नव्हतं. तिथे फक्त निळं पाणी, त्याच्यावर पांढरी बोट आणि बोटीवर पुन्हा निळं पाणी. माझं साधं मागणं आहे. बोटीवरच्या पोहण्याच्या तलावाचा फोटो जेवढा मोठा, तेवढ्याच अक्षरात कागदांची यादीही छापा, आणि ती मराठीत छापा. भाकरी-शेंगाचटणी बरोबर घ्यावी की नाही हे आम्ही आमचं ठरवू.

माझा स्वतःचा पासपोर्ट बिनबोभाट झाला. पूर्वी यासाठी पुण्याला खेटे घालावे लागत. २०१७ साली पोस्टाच्या कचेऱ्यांतून पासपोर्ट केंद्रं उघडायला सुरुवात झाली आणि आमच्यासारख्या गावांची सोय झाली. माझी जन्मतारीख १ जून. खरी नव्हे, शाळेची. खरी मार्गशीर्षातली आहे, पण वडील पडले शाळामास्तर. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून त्यांनी गावातल्या निम्म्या पोरांना १ जून दिला आणि घरच्याला वेगळा न्याय नको म्हणून मलाही तोच दिला. आमच्या पिढीतले इतके लोक १ जूनला जन्मले आहेत की त्या दिवशी महाराष्ट्रातल्या सुइणींना श्वास घ्यायला फुरसत मिळाली नसेल. पण ही खोटी तारीख माझ्या सगळ्या कागदांवर एकसारखी आहे. सरकारचं म्हणणं एवढंच असतं, की खोटं असलं तरी सगळीकडे तेच असावं.

सौ.चं तसं नव्हतं. तिचं सगळं खरं होतं. म्हणून अडलं.

अर्जात एक प्रश्न असतो. आपण कधी दुसऱ्या नावाने ओळखले जात होता का? आणि त्याच्याच शेजारी दुसरा. आपण कधी नाव बदललं आहे का? मी पेन घेऊन ‘नाही’वर टेकवणार, इतक्यात सौ. म्हणाली, “अहो, असं कसं? मी शकुंतला होते ना.”

वाचकहो, मी खरं सांगतो, चाळीस वर्षांत मी ते विसरलो होतो.

दहावीच्या सर्टिफिकेटावर शकुंतला. रेशनकार्ड, मतदानकार्ड, आधार यांच्यावर सुनंदा. आधार अगदी सुरुवातीच्या काळातलं. त्यावर नुसतं जन्माचं साल, तारीख नाही. तारीख आहे ती दहावीच्या सर्टिफिकेटावर. म्हणजे जन्म झाला शकुंतलेचा आणि राहते आहे सुनंदा. दोघी एकच, याला पुरावा काय? मी म्हणालो, “पुरावा मी आहे की!” खिडकीपलीकडचा मुलगा सभ्य होता, हसला. म्हणाला, “काका, तुम्ही साक्षीदार झालात. पुरावा कागदाचा लागतो. नुसतं आडनाव बदललं असतं तर विवाहाच्या दाखल्यावर भागलं असतं. इथे नावच बदललंय. राजपत्रात द्यावं लागेल.”

घरी आल्यावर मी सरकारच्या नावाने तासभर बोललो. सगळा जुना साठा बाहेर काढला. एका बाईला साठीनंतर ती तीच आहे हे सिद्ध करायला लावणारं हे राज्य! ‘ऊर्फ’ हा शब्द आम्ही वर्तमानपत्रात वाचलेला, तोही कुठे? अमुक ऊर्फ तमुक, राहणार अमुक ठिकाणी, यास पिस्तुलासह अटक. आणि आता आमची सौ., जिने उभ्या जन्मात लाटण्याखेरीज शस्त्र धरलं नाही, ती शकुंतला ऊर्फ सुनंदा! मी रंगात आलो होतो. सौ. मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “सरकारने कुठे बदललं माझं नाव? तुम्ही बदललंत.”

भाषण तिथे संपलं.

१९८४ सालची गोष्ट. लग्न लागलं, वरात घरी आली, लक्ष्मीपूजनाला बसलो. ताटात तांदूळ पसरले होते. आईने अंगठी माझ्या हातात दिली आणि कानात सांगितलं, ‘सुनंदा’ लिही. का? तर आमच्या एका आत्याचं नाव शकुंतला होतं आणि एका घरात दोन शकुंतला नकोत. आत्या राहायची गुलबर्ग्याला! पण मी लिहिलं. मी अक्षराचा मोठा षौकीन. सुंदर वळणदार सुनंदा काढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. जिचं नाव गेलं तीही लाजून हसली. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. तांदळावरचं ते नाव दुसऱ्या दिवशी भातात शिजून गेलं असेल, पण दहावी पास झालेली एक मुलगी त्याने कायमची पुसली.

म्हणून मी आता पक्ष बदलला आहे, आणि जे काही भांडायचं ते सरकारशी नव्हे, तुमच्या-माझ्याशी भांडणार आहे. सरहद्दीवर बसलेल्या माणसाचा प्रश्न एकच असतो, की कागदावरचं माणूस ते हेच का? हा प्रश्न रास्त आहे. मुलाला कोणी पळवून नेत नाही ना, म्हणून तो बापाचं पत्र मागतो, तेही रास्त आहे. त्याचं उत्तर पुरुषाला पाळण्यापासून पेन्शनपर्यंत एका शब्दात देता येतं. बाईला देता येत नाही, कारण आपण अर्ध्या वाटेत तिचं उत्तर बदललेलं असतं. आणि मग कोर्ट, नोटरी, राजपत्र यांचे हेलपाटे तिच्या नावावर. नाव सोडून बाकी सगळं तिच्याच नावावर!

लोक म्हणतील, परंपरा आहे. असेल. पण कायद्याने बाईला लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कधी केलेली नाही. हे आपण आपल्या हौसेने करतो. दुसरे म्हणतील, कौतुकाने ठेवतात हो नवं नाव! कौतुक एवढंच असेल, तर जावयाचंही ठेवा. अधिकमासात चांदीच्या ताटाबरोबर नवं नाव द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला बँकेत पाठवा. तिसरे म्हणतील, एका घराचं एक नाव असलं की बरं दिसतं. दिसतं खरं. पाटीवर.

आणि कोणाला वाटत असेल की हे खूळ पुण्यामुंबईचं आहे, तर त्याने भैय्या चौकात डॉ. कोटणिसांच्या स्मारकात जाऊन यावं. हा आमचा सोलापूरचा मुलगा १९३८ साली मुंबईहून बोटीने चीनला गेला, जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेला. तिथल्या परिचारिकेशी त्याने लग्न केलं. तिचं नाव गुओ छिंगलान. चीनमध्ये बाई लग्न झालं म्हणून नाव टाकत नाही. ती २०१२ साली वारली, तोवर गुओ छिंगलानच होती. मुलाचं नाव ठेवलं यिन्हुआ. ‘यिन’ भारताचं आणि ‘हुआ’ चीनचं. दोन देश एका नावात मावले, कोणाचंही पुसावं लागलं नाही. सोलापूरच्या सुनेला तिच्या नावासकट आपण सून मानलं, तिचे गोडवे गायले. मग आपल्या घरातल्या शकुंतलेने काय घोडं मारलं होतं?

आमच्या कन्येने लग्नानंतर नावही बदललं नाही आणि आडनावही नाही. तेव्हा मी चार दिवस तोंड फुगवून बसलो होतो. व्याही काय म्हणतील! व्याही काहीच म्हणाले नाहीत. तिचे कागद पहिल्या फटक्यात पार झाले. अडकली ती मुलापाशी, कारण मुलाचं आडनाव बापाचं. “हा तुझाच ना ग?” असं कोणी विचारलं नाही, पण जन्माचा दाखला दोनदा मागितला. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं ठरवलं, हे फार चांगलं झालं. पासपोर्टच्या दोन रकान्यांत ते चार शब्द बसवताना पुढच्या आयांची तारांबळ उडेल, उडू दे. पण त्याच निर्णयात विवाहित बाईपुरती जुनीच रीत राहिली. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मुलाच्या नावात आई आली. आईच्या नावात तिची आई अजून यायची आहे.

असो. राजपत्राचा अर्ज भरायला बसलो. मी म्हणालो, “सोपं आहे. जुनं नाव शकुंतला, नवं नाव सुनंदा. चाळीस वर्षं सगळे तेच म्हणतात.” मेथीची जुडी बाजूला ठेवून सौ. माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, “घरात तुम्ही सुनंदा म्हणा, माझी ना नाही. सवय झालीय. पण छापायचंच आहे तर माझं छापा. आधार, रेशनकार्ड मग दुरुस्त करू. दाखल्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर मी पास झालेय.”

काही आठवड्यांनी राजपत्र आलं. जुने नाव, सुनंदा. नवीन नाव, शकुंतला. आई-वडिलांनी बाराव्या दिवशी ठेवलेलं नाव बासष्टाव्या वर्षी सरकारदरबारी ‘नवीन’ म्हणून रुजू झालं. जाहिरात, प्रतिज्ञापत्र, खेपा असा खर्च जोडला तर त्या तांदळाचा भाव सोन्याच्या वर गेला. तो मी भरला. अंगठीही मीच धरली होती.

सिंगापूरच्या धक्क्यावर लांबच लांब रांग होती. समोर बोट, आमच्या सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत उभी केल्यासारखी. नातू फुगे धरावेत तसे चार पासपोर्ट धरून उभा. काउंटरवरच्या मुलीने एकेक उघडून नाव पुकारलं. माझं झालं, कन्येचं झालं, नातवाचं झालं. मग तिने आपल्या उच्चारात अडखळत म्हटलं, “शाकुंताला?”

कोणी हललं नाही. सौ. समुद्राकडे बघत होती. तिने दुसऱ्यांदा पुकारलं. मी कोपराने ढोसणार, तोच सौ.च्या काहीतरी लक्षात आलं. तिने पदर सावरला, पाय जुळवले, उजवा हात ताठ वर केला आणि त्या एवढ्या गर्दीत खणखणीत आवाजात म्हणाली,

“हजर!”