आरशाला लटकलेला गणपती

ऑनसाइटला निघालेल्या प्रत्येकाला सीनियर मंडळी एक यादी देतात. कुकरची गास्केट एक्स्ट्रा न्या, गोडा मसाला नीट पॅक करा, आणि पोलिसाने गाडी थांबवली तर खाली उतरू नका. हा शेवटचा मुद्दा आपल्या डोक्यात शिरतच नाही. इथे हवालदाराने हात केला की आपण बाइक साइडला घेतो, तो किल्ली काढायच्या आत आपणच काढतो आणि 'साहेब, जाऊ द्या ना, मीटिंग आहे' सुरू. तिकडे गाडीतच बसायचं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. खिशातलं लायसन्स काढायचं तरी आधी सांगायचं.

आपल्यासाठी ही टिप. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आईबाप मात्र मुलाच्या हातात पहिल्यांदा किल्ली देताना हाच धडा घोटून घेतात. त्याला तिथे नुसतं 'द टॉक' म्हणतात.

धडा पाठ असूनही भागत नाही. जुलै २०१६, मिनेसोटा. शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारा फिलँडो कॅस्टिल. गाडी थांबवल्यावर त्याला कारण सांगितलं गेलं ब्रेकलाइटचं. पण त्याआधी पोलिसाने रेडिओवर म्हटलं होतं की हे लोक दरोड्यातल्या संशयितांसारखे दिसताहेत, ड्रायव्हरचं नाक रुंद आहे! कॅस्टिलने शांतपणे सांगितलं, माझ्याकडे बंदूक आहे. तिचा परवानाही त्याच्याकडे होता. काही सेकंदांत गोळ्या. २०१७मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. त्याआधीच्या काही वर्षांत कॅस्टिलला चाळीसहून जास्त वेळा थांबवलं गेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, नियम मोडला असेल म्हणून थांबवलं. खरी गोम इथेच आहे. एडिसन, जर्सी सिटीत राहणाऱ्या आपल्या लोकांचा रोजचा रस्ता म्हणजे न्यू जर्सी टर्नपाइक. नव्वदच्या दशकात एका कोर्टकेससाठी जॉन लॅम्बर्थ नावाच्या अभ्यासकाने तिथल्या गाड्या चक्क मोजल्या. कृष्णवर्णीय माणूस बसलेल्या गाड्या होत्या साडेतेरा टक्के, आणि थांबवलेल्यांत त्यांचा वाटा ३५ टक्के. मग स्पीड कोण तोडत होतं? जवळजवळ सगळेच, ९८ टक्के! सगळेच नियम मोडत असतील तर कोणाला बाजूला घ्यायचं हे नियम ठरवत नाही, पोलिसाची नजर ठरवते. १९९६मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टाने हे मान्य केलं. गंमत बघा, त्याच वर्षी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने व्हरेन खटल्यात सांगितलं की ट्रॅफिकचा नियम मोडलेला असला की झालं, पोलिसाच्या मनात काय होतं ते तपासायची गरज नाही.

१९९८मध्ये त्याच टर्नपाइकवर पोलिसांनी चार तरुणांच्या व्हॅनवर ११ गोळ्या झाडल्या. तिघे जखमी. मुलं बास्केटबॉलच्या शिबिराला निघाली होती. पुढच्या वर्षी राज्य सरकारने कबूल केलं, होय, असं होतं. मग राज्याच्या पोलिसांवर दहा वर्षं देखरेख आली.

नजरेचा पुरावा कसा द्यायचा? स्टॅनफर्डच्या मंडळींनी २०२०मध्ये दहा कोटींच्या आसपास ट्रॅफिक स्टॉप तपासले. आयडिया साधी होती. संध्याकाळी सातला उन्हाळ्यात उजेड असतो, हिवाळ्यात काळोख. वेळ तीच, पण काळोखात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नाही. आणि काळोखात थांबवलेल्यांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटलं!

हे सगळं मी एडिसनच्या एका मित्राला फोनवर सांगत होते. तो हसून म्हणाला, 'अगं, आपण कुठे काळे?' माझं डोकंच फिरलं. अॅरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीत शेरीफ जो अर्पायोची माणसं लॅटिनो दिसणाऱ्या ड्रायव्हर्सना थांबवत होती, असा निकाल २०१३मध्ये फेडरल कोर्टाने दिला. लॅटिनो दिसणारे, म्हणजे गव्हाळ, सावळे. रस्त्याकडेच्या पोलिसाला त्यातला कोण मेक्सिकोचा आणि कोण मिरजेचा, हे काचेतून कसं कळणार? एच-वन व्हिसा काही कपाळावर छापलेला नसतो.

त्याच्या गाडीत आरशाला छोटा गणपती लटकतो. अमेरिकेत अनेक ठिकाणी आरशाला असं काही लटकवणं, समोरचं दिसायला अडथळा म्हणून, गाडी थांबवायला पुरतं. फिलाडेल्फियाने २०२१मध्ये कायदा केला, की नुसती आरशाला लटकलेली वस्तू किंवा एक बंद ब्रेकलाइट एवढ्यासाठी गाडी अडवायची नाही. ते शहर एडिसनहून टर्नपाइकने तास-दीड तासावर आहे. मात्र हा कायदा त्या शहरापुरताच.