दुप्पट औषध म्हणजे दुप्पट फायदा?



परवा पाचवीत पटीतली उदाहरणं घेत होतो. मी विचारलं, "कपाशीवर दहिया रोग आला. पंपाला सांगितलंय त्याच्या दुप्पट औषध टाकलं तर?" वर्ग एका सुरात म्हणाला, "रोग दुप्पट जाईल!" एक जण म्हणाला, "सर, आमचे बाबा झाकणानंच टाकते. जास्त टाकलेलं बरं."

चूक मुलांची नाही. वह्या, पेन, केळी यांचे हिशेब करून करून 'दुप्पट म्हणजे दुप्पट' हे आपणच त्यांच्या डोक्यात बसवलंय. औषध तसं वागत नाही.

संशोधक बुरशीला औषधाच्या वाढत्या मात्रा देतात आणि परिणाम आलेखावर मांडतात. रेषा सरळ येत नाही, इंग्रजी एस अक्षरासारखी येते. आधी परिणाम थोडा, मग एकदम चढ, मग सपाट. निम्मा परिणाम साधणारी मात्रा त्यावरून काढतात. शिफारशीची मात्रा बहुधा सपाट भागाजवळची असते. त्यापुढे टाकलेलं औषध रोगावर फारसं काही जास्त करत नाही. पण फवारणाऱ्या माणसाचाही एक आलेख असतो, आणि तो तिथून चढू लागतो.

डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग अशाच प्रयोगांतून ठरतो. तोंडावाटे दिल्यावर निम्मे प्राणी मरण्याची मात्रा किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. मात्रा जितकी कमी, तितकं विष जहाल.

2017 चा हंगाम आपला जिल्हा विसरलेला नाही. फवारणीतल्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. फक्त मात्रा चुकली म्हणून हे झालं असं मी म्हणत नाही. डोक्यावर गेलेली कपाशी, औषधांची मिश्रणं, नसलेले हातमोजे, बारीक अक्षरातली लेबलं, सगळंच होतं. पण यातलं लेबल वाचणं आणि मात्रा समजणं हे आपल्या वर्गात शिकवता येतं.

प्रयोग सोपा आहे. मुगाचे 20-20 दाणे घ्या. एक गट साध्या पाण्यात, बाकीचे लिटरला 1, 2, 4 आणि 8 चमचे मीठ घातलेल्या पाण्यात भिजवून त्याच पाण्यानं ओल्या केलेल्या फडक्यात ठेवा. तीन दिवसांनी न उगवलेले दाणे मोजून आलेख काढा. रेषा सरळ येते का, ते मुलांनाच सांगू द्या. औषधाचा डबा मात्र वर्गात आणू नका, लेबलचा फोटो पुरे.

पालकहो, पुढच्या फवारणीला झाकण बाजूला ठेवा, मापानं मोजा. आणि पाणी आणून द्यायलाही लेकराला वावरात नेऊ नका.