प्रकाशाची मात्रा आणि फळांची प्रतिकारशक्ती

रुग्णाला भेटावयास रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपल्याकडचा जुना संस्कार. म्हणून रुग्णशय्येजवळ संत्र्या-मोसंब्यांची पिशवी हमखास दिसते. ती फळे टिकावीत म्हणून त्यांवर कोणते संस्कार झाले, हे मात्र आणणारा विचारीत नाही आणि आपण डॉक्टरही विचारीत नाही. ते आपण विचारले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाडावरून उतरविलेले फळ निर्जीव नसते. त्याचे श्वसन चालूच असते. नागपूरची किंवा आगर-माळव्याची संत्री इंदूरच्या फळमंडईत पोहोचेपर्यंत हाताळणीत सालीला बारीक जखमा होतात. त्यांतून पेनिसिलियम डिजिटॅटम ही हिरवी बुरशी आत शिरते. तिच्यावरचा प्रचलित उपाय बुरशीनाशकाचा. परंतु त्याचा अंश सालीवर उरतो, आणि वारंवार वापराने बुरशीही औषधाला दाद देईनाशी होते. प्रतिजैविकांच्या बाबतीत आपण हेच भोगीत आहोत.

यावर एक पर्याय प्रकाशाचा आहे. प्रकाशोपचार आपणांस नवा नाही. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नवजात अर्भकाची कावीळ आपण निळ्या प्रकाशाखाली उतरवितो. फळांसाठी वापरतात ते २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-सी किरण, म्हणजे आपल्या परिचयाच्या जंतुनाशक दिव्याचेच. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी वाचकांस ठाऊक झालेल्या टस्कगी येथील विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कांदे, रताळी, पीच आदींवर याचा अभ्यास झाला.

या उपचाराचे मर्म केवळ जंतुनाशात नाही. किरण देऊन झाल्यावर पुढे बुरशी टोचली, तरी ती फळात सहजी मूळ धरीत नाही. अल्प मात्रेच्या आघाताने फळ सावध होते आणि संरक्षक द्रव्ये निर्माण करते. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत स्कोपॅरोन, तर द्राक्षांत रेस्व्हेराट्रॉल. ग्रेपफ्रूटमध्ये ही शक्ती एक-दोन दिवसांनी शिखर गाठते. फळात प्रतिपिंडे नसतात हे खरे. तरीही लसीकरणाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे.

मात्र सारे काही मात्रेवर अवलंबून आहे. टोमॅटोला चौरस मीटरमागे सुमारे ३.७ किलोजूल इतकी मात्रा मानवते. त्याचे पिकणेही लांबते. मात्रा फार वाढली, तर सालच करपते. औषध आणि विष यांतील हा भेद डॉक्टरांना वेगळा सांगावयास नको.

हा भेद विसरल्याचे परिणाम मी पाहिले आहेत. २०२० च्या महामारीत भाजी-फळे ‘निर्जंतुक’ करणाऱ्या दिव्यांची बरीच विक्री झाली. त्या दिवसांत एक गृहस्थ रात्री माझ्याकडे आले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग, पाण्याच्या धारा. दुपारी ते उघड्या दिव्याखाली हाताने फळे फिरवीत बसले होते. दोन दिवसांत ते बरे झाले, म्हणून निभावले. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे, की हा उपचार स्वयंपाकघरात नको; तो फळांच्या प्रतवारी व पॅकिंग केंद्रांत, बंदिस्त कक्षात, प्रशिक्षित हातांनी व मोजून व्हावा. फळ सर्व बाजूंनी फिरले पाहिजे, कारण सावलीतला भाग कोराच राहतो. आधीच खोलवर सडलेले फळ याने सुधारत नाही, आणि सालीवरील कीटकनाशक यामुळे धुतले जात नाही. ‘शीतगृहांचीच वानवा, तेथे दिवे कशाला?’ असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. काळजीपूर्वक तोडणी आणि थंडावा यांना हा पर्याय नव्हे, जोड आहे. परंतु ती जोड मिळाल्यास बुरशीनाशकाचा वापर कमी करता येईल, आणि तेवढ्यासाठी तरी तिचा विचार व्हावयास हवा.

आपल्या समाजात डॉक्टर आहेत, तसे बागाईतदार आणि व्यापारीही आहेत. या दोहोंना एकत्र बसविणे आपल्या संस्थेला सहज शक्य आहे. ‘फळे खा’ असे आपण रोज लिहून देतो. ती फळे कशी टिकविली जातात, याची चौकशी करणे हाही त्याच सल्ल्याचा उरलेला भाग आहे.