जीपचे शेपूट का घासते?

हिंजवडीच्या आयटी पार्कमधून डांबरी रस्त्याने आलेली जीप मुळशीच्या भातखाचरांकडे वळली, की तिची खरी परीक्षा सुरू होते. ओढ्यातून वर चढताना पुढची चाके उंच होतात आणि मागचे शेपूट जमिनीला टेकते. पायरी वाकते, सायलेन्सरची नळी चेपते, कधी गाडीच अडकते.

दोष ओळखणे सोपे आहे. नेहमीचे ओझे भरून गाडी सपाट जागी उभी करावी. मागचे चाक जमिनीला टेकते तिथून शेपटाच्या नडणाऱ्या भागापर्यंत सुतळी ताणावी. सुतळी जितकी उभी, तितकी गाडी चढाला मोकळी.

उपाय स्वस्तापासून करावेत. ट्रेलरचा हूक काम नसेल तेव्हा काढून ठेवावा. पाटे बसले असल्यास कमान देऊन किंवा बदलून घ्यावेत. मात्र पाट्यांनी डिफरन्शियलचा गोळा वर जात नाही, हे ध्यानात असावे. दगड पाहूनच गाडी घालावी.

सायलेन्सरची नळी आखूड करू नये. विषारी धूर आत येतो आणि मागे मुलेबाळे बसलेली असतात. गाडी भलतीच उंच केली, तर बांधावर कलंडते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बनावटीतील फेरफारावर बंधन घालते.

म्हणून गाडीत एक फावडे ठेवावे. माणसे खाली उतरवावीत, चढाच्या पायथ्याशी दगड-माती भरून उतार सौम्य करावा. चार घमेली मातीने गॅरेजचा खर्च वाचतो.